अमरेशचं ध्यान

आमच्या घरात सगळ्यावर एक पांढरा पातळ थर असतो. पंख्याच्या पात्यांवर, लोणच्याच्या बरणीवर, कॅलेंडरमधल्या देवांवर, आणि नीट बघितलं तर आमच्या पापण्यांवरसुद्धा. आम्ही भस्म बनवतो. औशाच्या बाजारात पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये अंगण. त्या अंगणात माझी अव्वा, म्हणजे आई, कमलम्मा, जाळलेल्या गोवऱ्यांची राख मलमलीतून गाळत बसते. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं की ती राख हवेत तरंगत राहते, खाली यायचं नाव घेत नाही. अशा वेळी घरात कुणी चाललं तरी पाण्याखाली चालल्यासारखं दिसतं. लहानपणी माझी खात्रीच होती की लोकांना पडणारी स्वप्नं आमच्याच अंगणात तयार होतात आणि अव्वा ती गाळून पुढे पाठवते.

मी शिवानी. दुकान मी बघते. भस्माचे गोळे, लिंगाचे दोरे, रुद्राक्ष, कापूर, आणि गिऱ्हाईक फारच आधुनिक निघालं तर लॅव्हेंडर का कसल्या त्या उदबत्त्या. माझ्या लग्नाचा विषय आमच्याकडे दर दिवाळीला निघतो आणि चिवड्याबरोबर संपतो. माझं तोंड फटकळ आहे म्हणतात. असेल. आमचे आप्पा, माणिकप्पा, इतके गोड बोलतात की घरात कुणीतरी फटकळ असावंच लागतं.

अमरेश माझा धाकटा भाऊ. नांदेडला एका कुरिअर कंपनीत होता, पार्सलं घेऊन मोटारसायकलवर पार उमरीपर्यंत फिरायचा. एकदा गाडी घसरली आणि त्याची कंबर धरली. पुढे बरा झालो म्हणून फोन आला, मग नोकरी सुटली म्हणून आला, आणि होळीनंतर एके दिवशी पाठीला सॅक लावून तो स्वतःच अंगणात उभा राहिला. वाळून गेला होता. उन्हाळाभर लांब बाह्यांचे शर्ट घालून माडीवरच्या खोलीत पडून असायचा. हाक मारली की यायचा, पण यायला वेळ लागायचा. नुसतं जिना उतरायला नाही, डोळ्यांत यायलासुद्धा. आप्पा रोज माडीकडे बघून सुस्कारा सोडायचे आणि विषय बदलायचे.

मग श्रावण लागला, आणि आमचा अमरेश पूजेला बसला.

आमच्या गळ्यात लहानपणीच लिंग बांधतात. चांदीच्या डबीत असतं, दोऱ्याने छातीवर रुळतं, आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. आंघोळ झाली की ते बाहेर काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. देव हातातच असतो, म्हणून नजर हलवायची नाही. हे आप्पांनीच आम्हा दोघांना शिकवलं होतं. मी लहानपणी डुलक्या काढायचे तेव्हा ते मांडीवर टपली मारून म्हणायचे, "डोळं मिटायचं न्हाई. झोप गादीला द्यायची, लिंगाला नजर द्यायची." अमरेशने दहावीनंतर हे सगळं सोडून दिलं होतं.

आणि आता तोच पोरगा आंघोळ करून उघड्या अंगाने पाटावर येऊन बसला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यावर, छातीवर, दंडांवर, कोपरांच्या खळग्यांत, मनगटांवर. जुनी माणसं लावतात तसं सगळीकडे, आणि चांगलं जाड. लिंग हातावर घेतलं, डोळे मिटले आणि गेला. कुठे गेला ते त्याचं त्याला माहीत. मान हळूहळू खाली यायची, हनुवटी छातीला टेकेल असं वाटायचं आणि तेवढ्यात आपोआप वर यायची. चेहऱ्यावर इतकी शांती, की बघणाऱ्याचा श्वास मंद व्हावा. आप्पांनी मोबाइलवरच्या बातम्या बंद केल्या, मला मिक्सर लावू दिला नाही, दुकानातल्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. "ध्यान लागलंय," ते कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हापासून रोज सकाळी घर थांबायचं. शेजारच्या उमाबाई पहिल्यांदा कण्हेरीची फुलं घेऊन आल्या, मग नुसत्याच यायला लागल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी. भस्म घ्यायला आलेली माणसं पडद्याच्या फटीतून डोकावून जायची आणि जाताना नेहमीपेक्षा एक गोळा जास्त घ्यायची. आप्पांची मान बाजारात ताठ झाली. अडत्यांकडे, चहाच्या गाड्यावर, बसस्टँडवर ओळखीचा कुणी दिसला की त्याला, ते सांगायचे. नांदेडने पोरगा नेला आणि देवाने परत दिला, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. हवेत राख, राखेत ऊन, उन्हात माझा भाऊ. मी त्याला महाराज म्हणायचे. "महाराज, पोहे गार झाले," म्हटलं की तो हसायचा, आणि ते हसू लांबच्या गावाहून पायी चालत यावं तसं सावकाश यायचं.

पण मी दुकानदारीण आहे, माझी नजर हातांवर असते. एके सकाळी माझ्या लक्षात आलं की महाराजांच्या उजव्या तळहातावर लिंग आहे. दुसऱ्या दिवशीही उजव्याच. डावा हात मांडीच्या कडेला पडलेला, बोटं अर्धवट मुडपलेली, आणि कोपराच्या खळग्यातलं भस्म रोज थोडं रुंद होत चाललेलं. मी आप्पांना म्हटलं, डावा हात सोडून हा उजव्यावर का घेतो, आणि डोळे का मिटतो, तुम्हीच तर मिटू देत नव्हता. आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर आत वळलीय, म्हणाले, तुझ्यासारखी भांडी घासल्यावानी पूजा करत नाही तो. मला राग आला. मी दिवसभर गिऱ्हाइकांवर काढला.

त्याच दुपारी मला स्वप्न पडलं. मी अंगणात राख गाळतेय. मलमल हलवतेय, राख खाली पडतेय, आणि कापडावर काहीतरी उरलंय, गाळून जात नाही. बघते तर हात आहे. पांढरा, थंड, बोटं मुडपलेली. मी तो पुन्हा पुन्हा गाळून बघते, अव्वा म्हणते, अजून बारीक कर. उठले तेव्हा घरात कपबशांचा आवाज होता आणि नाकात एक वास. आमच्या राखेला वास असतो, पावसात भिजलेल्या भिंतीसारखा. हा तो नव्हता. हा आंबट होता, थोडा गोड होता, आणि माडीच्या जिन्यावरून खाली येत होता.

अव्वाला विचारलं. तिने आधी पदराला हात पुसले, मग सांगितलं. अमरेशच्या हाताला फोड आलाय. कुणाला सांगू नको म्हणाला. रोज दुपारी ती त्यात चिमूटभर भस्म भरते आणि धुतलेल्या धोतराची पट्टी बांधते. मी ओरडले असेन, कारण ती दचकली. "अगं, राख हाय ती," अव्वा म्हणाली. "जळून झाल्याली. तिच्यात वाईट काय राहील?" ती हे अगदी सरळपणे म्हणाली. जन्मभर जी वस्तू तिने हाताने गाळली, देवाच्या अंगाला लावायला दिली, तिच्याहून स्वच्छ तिच्या जगात काही नव्हतं.

मी माडीवर गेले. अमरेश गच्चीत बसला होता. ऊन तापलेलं, अंगात लांब बाह्यांचा शर्ट, वर शाल, आणि तो थरथरत होता. डाव्या हाताची बोटं वेलची केळ्यांसारखी सुजलेली. मी बाही वर कर म्हणाले. त्याने हात पोटाशी धरला. ऊन किती छान आहे बघ, म्हणाला. मी त्याच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, नांदेडला काय टोचून घेत होतास. मला कुठून सुचलं कुणास ठाऊक. कदाचित त्या स्वप्नातून.

त्याने गच्चीतून दिसणाऱ्या किल्ल्याकडे तोंड फिरवलं. मग त्याने झोपेत बोलल्यासारखं सगळं सांगितलं. गाडी घसरल्यावर कंबरेसाठी एका खासगी दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन द्यायचे. पहिल्याच वेळी दुखणं गेलं, आणि दुखण्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं, भाडं, मालकाच्या शिव्या, ऊन. दवाखान्याने बंद केलं तेव्हा तिथल्या कंपाउंडरने बाहेर दिलं. पुढे खोलीतल्या पोरांबरोबर स्वतःच घ्यायला शिकला. एकाची सुई दुसऱ्याने घ्यायची, कुणाला काही वाटायचं नाही. एक शीर कडक झाली की दुसरी शोधायची. कातडी कठीण व्हायची, भोकं बुजायची नाहीत. इथे औशातही त्याने कुणीतरी शोधून काढलं होतं. रोज सकाळी आंघोळीला जायचा तेव्हा न्हाणीत घ्यायचा, मग वरून भस्म.

"अक्का, आता दुखणं गेलंय," तो म्हणाला, "इंजेक्शन राहिलंय."

चल दवाखान्यात, आत्ता, मी म्हणाले. तो म्हणाला, उद्याचा सोमवार होऊ दे. सोमवारी आप्पांनी मठातल्या उमाशंकर स्वामींना बोलावलं होतं, ध्यान बघायला. निम्मी गल्ली येणार होती. "आप्पाचं तोंड बगितलंस का तू?" अमरेश म्हणाला. "माझ्याकडं असं कवाच बगितलं न्हाई त्यांनी. एवढा सोमवार होऊ दे, मग हात तोडला तरी चालंल."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. खाली गेले आणि आप्पांना सगळं सांगितलं, जसंच्या तसं. ते भस्माच्या गोळ्यांवर कागद गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाले, पोराला फोड आलाय, फोड पिकतो आणि फुटतो. म्हणाले, उद्या स्वामी येणार आहेत. आणि मग, माझ्या गोड बोलणाऱ्या आप्पांनी मान वर न करता म्हटलं, तुला त्याचं चांगलं बघवत नाही. मी अमरेशला ओढून न्यायला माडीवर गेले तर त्याने आतून कडी लावली होती. मी दारावर बुक्क्या मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी दाराला पाठ लावून बसले. आतून त्याचा श्वास ऐकू येत होता, भराभर, धापा टाकणाऱ्या कुत्र्यासारखा. असं असहाय वाटलेलं मला आठवत नाही.

सोमवारी सकाळी घर भरलं. सतरंजीवर बायका, ओसरीवर बाप्ये, मध्ये खुर्चीवर उमाशंकर स्वामी. अव्वाने सगळ्यांना भस्म लावलं. बाहेर ढग होते, पण कुठून तरी ऊन यायचंच, आणि राख त्यात तरंगत होती. अमरेश आला. भिंतीला धरून आला, पण लोकांना वाटलं, सावकाश आला. पाटावर बसला. पट्टे ओढलेले, कोपरात तर राखेचा लेपच. उजव्या हातावर लिंग, डोळे मिटलेले, ओठ कोरडे, गालांवर लाली. कुणीतरी पुटपुटलं, तेज बघा चेहऱ्यावरचं. ताप होता तो. माझ्या कानात गुणगुण सुरू झाली, आणि क्षणभर मलाही वाटलं की हे सगळं असंच राहील, हा बसलेला राहील, राख पडत राहील, आम्ही सगळे हळूहळू पांढरे होऊ आणि कुणाला काही दुखणार नाही.

मग मला तो पट्टा दिसला. भस्माचे पट्टे तीन असतात, आडवे. हा चौथा होता, उभा. डाव्या कोपरातून निघून दंडाच्या आतल्या बाजूने काखेकडे चालला होता. लाल. तो कुणी ओढलेला नव्हता.

मी उठले. पूजेच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या डाव्या हातावर ओतला. लावलेलं भस्म असं धुवायचं नसतं, तेही पूजेत, तेही पाटावर बसलेल्याचं. मी हाताने चोळत गेले, राख दुधासारखी वाहून पाटाखाली गेली, आणि खालचा हात वर आला. मनगटापासून दंडापर्यंत काळी भोकं, जुने व्रण, लाकडासारखी टणक कातडी. आणि कोपराच्या खळग्यात राखेने लिंपलेली अव्वाची पट्टी, ती सुटली तर खाली लिंबाएवढा फुगवटा आणि त्यात कडेने काळा पडलेला खड्डा. तो वास घरभर पसरला. उमाबाईंनी पदर नाकाला लावला.

"भस्म धुतलंस?" आप्पा उभे राहिले होते. त्यांचा आवाज मी ओळखला नाही.

"बघा आप्पा," मी म्हणाले. "आता तरी डोळं मिटू नका."

अमरेशने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, पाणी लई गार हाय," आणि कुशीवर कलंडला. लिंग त्याच्या हातातून सुटून सतरंजीवर घरंगळलं. लिंग खाली पडणं म्हणजे आमच्यात जीव गेल्यासारखंच. उमाशंकर स्वामी खुर्चीवरून खाली उतरले, लिंग उचलून कपाळाला लावलं, डबीत घालून डबी अमरेशच्या गळ्यात नीट केली. पूजा झाली, म्हणाले, आता याला लातूरला न्या.

भस्माची पोती वाहतो त्या आमच्या छोट्या हत्ती टेम्पोत मागे गादी टाकली. गाडी उमाबाईंच्या नवऱ्याने चालवली. आप्पा पुढे, मी आणि अव्वा मागे, अमरेशचं डोकं अव्वाच्या मांडीवर. पोत्यांमधली राख खड्ड्यागणिक उडत होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन, ओलं हिरवं, संपत नव्हतं. अमरेश बोलत होता. उमरी आली का, विचारत होता. पार्सल उतरवायचंय, वर नाव पुसलंय, कुणाचं आहे तेच कळत नाही. मी म्हटलं, आमचंच आहे, असू दे. त्यावर तो गप्प झाला. मला भीती वाटली की तो आता कायमचाच गप्प होतोय, आणि मी त्याला बोलत राहा, बोलत राहा म्हणून चिमटे काढत राहिले.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर पंचशीला होत्या. बारीक अंगाच्या, आवाज खाली. हात बघितला, काखेत दाबून बघितलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. कसं झालं, त्यांनी विचारलं. काटा लागला, बाभळीचा, अव्वा म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, ती बोलताना जमिनीकडे बघत होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं की काटा असेल तर हात उघडून साफ केला की काम झालं. पण सुई असेल तर गोष्ट हातावर थांबत नाही. विष रक्तातून हृदयाच्या झडपेपर्यंत जातं, सुईचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, दुसऱ्याची सुई वापरली असेल तर रक्ताच्या वेगळ्या तपासण्या करायच्या. भूल द्यायची तर तो काय घेतो ते कळायलाच हवं. पोलिसांशी मला काही देणंघेणं नाही, त्या म्हणाल्या, पण चुकीचं सांगाल तर मी चुकीचं औषध देईन. अमरेश बोलायच्या स्थितीत नव्हता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पांनी माझं मनगट धरलं. घट्ट. मला वाटलं, संपलं, हे आता काटाच म्हणणार.

"सुई टोचून घेतो," आप्पा म्हणाले. "रोज. न्हाणीत. मला म्हाईत हुतं."

मी काल सांगितलं ते, मला वाटलं.

"श्रावणाच्या पयल्या सोमवारीच मोरीत सुई घावली हुती," ते डॉक्टरांना नाही, भिंतीला सांगत होते. "कागदात गुंडाळून उकिरड्यात टाकली. वाटलं, ध्यानाला बसून राहिलाय तर सुटंल आपोआप. लई वरसांनी घरात बरं वाटून राहिलं हुतं."

त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. ते धरून उभे होते, मला गप्प करायला नाही, स्वतः पडू नये म्हणून. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तरीही मी मनगट सोडवून घेतलं नाही. डॉक्टर लिहायला लागल्या.

हात उघडला तेव्हा आम्ही बाहेर होतो. पुढे रोजच्या ड्रेसिंगला मात्र अव्वा आत गेली, हट्टानेच. जखमेच्या खोल कोपऱ्यांतून अजूनही करडा चिखल निघत होता आणि सिस्टर तो कापसाने टिपून ट्रेमध्ये ठेवत होती. "ती माझी राख हाय," अव्वा म्हणाली. सिस्टरला काही कळलं नाही. अव्वा बाहेर आली, बाकावर माझ्याशेजारी बसली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. त्या बोटांच्या रेघांमध्ये राख कायमची बसलेली आहे, घासून जात नाही. मी तिचे हात माझ्या हातात घेतले, पण तिने ते पुन्हा उघडून बघितलेच.

अमरेश वाचला. झडप वाचली, हातही वाचला, पण कोपरातली कुजलेली कातडी काढून तिथे मांडीवरची लावावी लागली, आणि आतले स्नायू आखडले ते आखडलेच. रक्ताच्या एका तपासणीत सुईतून लागणारी कावीळ निघाली, तिचं औषध चालू आहे. आणि सुईची तलफ मोडायला लातूरलाच एका केंद्रात जिभेखाली ठेवायची गोळी देतात. मी त्याला बसने घेऊन जाते. जाताना तो जांभया देतो, नाक गळतं, घाम येतो, चिडतो. परतताना खिडकीला डोकं टेकवून बाहेर बघतो. एकदा म्हणाला, अक्का, सगळं लई जवळून दिसून राहिलंय. मी म्हटलं, दिसणारच, महाराज, आता तुम्ही घरी आलात.

दुकानात लोक विचारतात. काही विचारत नाहीत, नुसते कमी येतात. उमाबाईंची फुलं बंद झाली होती, मग एके दिवशी पुन्हा आली, काही न बोलता कुंपणावर ठेवलेली. आप्पा बाजारात जातात आणि लवकर परत येतात. माझं त्यांच्याशी बोलणं हो-नाही इतकंच होतं. अव्वा अजून राख गाळते, पण गाळताना मध्येच थांबते.

कार्तिकातल्या एका सकाळी न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. दार उघडं ठेवून आंघोळ करायची, हा आता अमरेशचा नियम. तो उघड्या अंगाने अंगणात आला आणि पाटावर बसला. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. अव्वाने भस्माची वाटी पुढे केली. त्याने तीन बोटं बुडवली, कपाळावर ओढली आणि वाटी परत दिली. हातांना काही लावलं नाही. डावा हात उन्हात तसाच, मांडीची कातडी कोपरात चौकोनी शिवलेली, काळे डाग मनगटापर्यंत, ज्याला बघायचे त्याने बघावेत असे.

त्याने लिंग डबीतून काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवलं. हात सरळ होईना. दोन बोटं आत वळलेली, तळवा एका बाजूला कललेला, लिंग घसरत अंगठ्याकडे आलं. त्याने उजव्या हाताने ते पुन्हा मध्ये ठेवलं. पुन्हा घसरलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मी उठणार होते.

आप्पा माझ्याआधी उठले. त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि आपला उताणा तळहात त्याच्या तळहाताखाली लावला. दोन हातांवर लिंग थांबलं. अंगणात ऊन आलं होतं, राख तरंगत होती, आणि गोळीमुळे असेल किंवा जुन्या सवयीमुळे असेल, अमरेशच्या पापण्या हळूहळू खाली यायला लागल्या.

"डोळं मिटू नको," आप्पा म्हणाले. "उघडं ठेव. मीबी ठेवतो."

अमरेशने डोळे उघडले आणि लिंगाकडे बघत राहिला. आप्पा त्याच्या हाताकडे बघत राहिले.